उधारीचा नाताळ

आगमनकाळाचा पहिला रविवार येतो आणि वेदीवर जांभळे वस्त्र चढते. जांभळा हा प्रतीक्षेचा आणि संयमाचा रंग. मन आवरावे, रुसलेल्या भावाच्या दारी जावे, मागची देणी फेडावीत, ह्यासाठी ख्रिस्तसभेने हे चार आठवडे आपल्या हाती दिले. आमच्या भिवंडीत मात्र ह्या काळात सर्वाधिक बोलले जाते ते गोठा केवढ्याचा, झाड किती फुटी आणि रोषणाई कोणाची ह्यांविषयी. जुनी देणी फिटण्याऐवजी नवी उभी राहतात.

'नाताळ साधेपणाने करा' हा उपदेश दरवर्षी होतो आणि दरवर्षी मिस्सा संपताच चर्चच्या पायऱ्यांवर विरून जातो. त्याच उपदेशाची री ओढण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. आमचे म्हणणे अधिक कडू आहे. विकतची स्वस्त सजावट ही काटकसर नव्हे, असे आम्हांला वाटते. कुटुंबाचा हात न लागलेला गोठा कितीही देखणा असला तरी तो त्या कुटुंबाचा गोठा होत नाही. आणि धर्मग्रामातील गोठ्यांच्या स्पर्धा जर पैशालाच बक्षीस देत असतील, तर त्यांचे नियम तरी बदलावेत किंवा त्या बंद तरी कराव्यात.

हा विषय भिवंडीकरांनीच काढावा, ह्याला कारण आहे. भिवंडी हे कापडाचे गाव. १९८२ साली मुंबईच्या गिरण्यांत संप झाला, गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत आणि त्यांचे बरेचसे काम येथल्या यंत्रमागांकडे आले. मागांच्या खडखडाटात आमच्या दोन पिढ्या वाढल्या. पुढे सुताचे भाव, विजेचे दर आणि मंदावलेला बाजार ह्यांनी अनेक कारखान्यांना कुलपे लावली. इकडे काल्हेर, राहनाळ, पूर्णा, वळ, दापोडे, माणकोली ह्या गावांतील भातशेतीच्या जागी गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. आज मोठमोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांचा माल येथून रवाना होतो. जगभरच्या नाताळ सजावटीचा मोठा वाटा चीनमधील यिवू ह्या शहरात तयार होतो. तिकडून निघालेले प्लॅस्टिकचे झाड समुद्र ओलांडते, कंटेनरमधून गोदामात येते, आमच्याच एखाद्या तरुणाच्या हातून खोक्यात भरले जाते आणि पुन्हा आमच्याच गल्लीत विक्रीला येते. ते खोके भरणाऱ्या मुलाला २५ डिसेंबरला सुट्टी मिळेल की नाही, हे मात्र आदल्या संध्याकाळपर्यंत त्याच्या आईला ठाऊक नसते.

योसेफ आणि मरिया ह्यांना बेथलेहेमात उतरायला जागा मिळाली नाही, हे शुभवर्तमान मध्यरात्रीच्या मिस्सेत आपण भक्तिभावाने ऐकतो. आमच्या शहरात मालाला एकरांनी जागा आहे; मागावर राबणारे परप्रांतीय कामगार मात्र एकेका खोलीत दहा-दहा, बारा-बारा जण पाळीपाळीने पाठ टेकतात. अशा शहरात राहून आपला गोठा शेजाऱ्याच्या गोठ्याहून मोठा कसा होईल ह्याचीच विवंचना करायची असेल, तर ते शुभवर्तमान आपण नेमके कशासाठी ऐकतो, हा प्रश्न विचारणे भाग आहे.

ह्या चढाओढीची किंमत कोण मोजतो? ज्याच्यापाशी आहे त्याचे फारसे बिघडत नाही. कांड्या भरणारी, चार घरची धुणीभांडी करणारी आई भिशीची पाळी आधी मागून घेते. बाप मुकादमाकडून उचल घेतो. मुलगा फोनवर बोटे फिरवून कर्ज काढतो आणि त्याचे हप्ते उपासकाळ उजाडला तरी फिटत नाहीत. नाताळच्या आधीच्या रात्रींत आमची तरुण मंडळी बाळ येशूची मूर्ती घेऊन, गीते गात घरोघर फिरतात. त्या रात्री काही दारे उघडत नाहीत. आत माणसे असतात. दिवा मालवलेला असतो. घरात झाड नाही, रोषणाई नाही, बशीत ठेवायला चार जिन्नस नाहीत, म्हणून ती माणसे अंधारात गप्प बसलेली असतात. गोठ्यात जन्मलेल्या बाळाला आपले घर दाखवण्याची लाज ख्रिस्ती कुटुंबाला वाटावी, ह्याहून मोठी विटंबना कोणती?

'हल्ली सजावट स्वस्त झाली आहे, मग तक्रार कशाची?' असे कोणी विचारील. स्वस्त झाली आहे म्हणूनच ती दरवर्षी नवी घेतली जाते. मागच्या वर्षीची माळ पेटत नाही, चांदणीचा मुलामा उडालेला असतो, झाडाच्या काड्या झडलेल्या असतात. आजीच्या वेळचा मातीचा योसेफ मात्र हात तुटला तरी लाखेने जोडून तीस वर्षे गोठ्यात उभा राहत असे. शिवाय ह्या स्वस्ताईचा कचरा आपल्याच गटारांतून कामवारी नदीकडे जातो. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी घातली आणि १ जुलै २०२२ पासून ती देशभर लागू झाली. गणेशोत्सवातील मखरांना जो कायदा लागू आहे तोच आमच्या गोठ्यांनाही लागू आहे, ह्याचा अनेकांना सोयीस्कर विसर पडलेला दिसतो. कायद्याने निषिद्ध असलेल्या थर्मोकोलचा डोंगर करून त्याच्या पायथ्याशी शांतीच्या राजाला निजवणे आम्हांला शोभत नाही.

आता ज्या संताच्या नावाने आपण गोठे उभारतो त्याच्याकडे वळू. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला. नाताळच्या सुमारे पंधरा दिवस आधी त्याने त्या गावच्या योहान नावाच्या गृहस्थाला बोलावून तयारी करायला सांगितले. तयारी कसली? गव्हाण, गवत, एक बैल आणि एक गाढव. त्या रात्री तेथे मूर्ती नव्हत्या. आसपासच्या वस्त्यांतून लोक दिवे आणि फुले घेऊन आले, गव्हाणीपाशी मिस्सा झाली आणि मंडळी आनंदाने घरी परतली. गावात जे होते तेच वापरले गेले आणि जे आले ते लोकांच्या हातांनी आले. ह्या घटनेला २०२३ मध्ये आठशे वर्षे झाली. त्याआधी, १ डिसेंबर २०१९ रोजी, पोप फ्रान्सिस ह्यांनी ग्रेच्चोलाच जाऊन गोठ्याविषयीच्या प्रेषितीय पत्रावर सही केली. कुटुंबांनी नाताळपूर्वी गोठा करण्याची परंपरा जपावी, असे त्या पत्रात त्यांनी आवर्जून सांगितले. मांडणी दरवर्षी तीच असो वा बदलती असो, ती आपल्या जीवनाशी बोलली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. प्लॅस्टिकच्या बर्फाने झाकलेला गोठा भिवंडीच्या जीवनाशी काय बोलणार?

बोलणारा गोठा करायला लागणारे सारे सामान मात्र आमच्या शहरात पायांशी पडलेले आहे. तालुक्यातील भाताची झोडणी तोवर आटोपलेली असते. गवताला पेंढा तयार आहे. गोदामांच्या शहरात पुठ्ठ्याच्या खोक्यांचा तुटवडा कधीच नसतो. मेंढपाळांची घोंगडी आणि राजांचे झगे चिंध्यांतून होतात आणि चिंध्या भिवंडीत विचाराव्या लागत नाहीत. रिकाम्या कांड्या उभ्या लावल्या की गोठ्याभोवती कुंपण होते. कुंभारवाड्यातून ओंजळभर माती आणली की मुलांच्या बोटांतून मेंढरे निघतात. त्यांतली दोन कुत्र्यासारखी दिसली तर बिघडत नाही, मेंढपाळांपाशी कुत्रीही होतीच. हिरवळीसाठी नाताळच्या दहा-बारा दिवस आधी गहू किंवा नाचणी रात्रभर भिजवून ओल्या गोणपाटावर पसरावी आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे. गव्हाची हिरवळ उंच वाढते. नाचणीची बुटकी आणि मऊ. नवरात्रात शेजारच्या घरी घटाखाली धान्य रुजताना आपल्या मुलांनी पाहिलेले असते. त्यांना हे नवीन नाही. तीन राजांचा सण झाला की ती हिरवळ शेळीला घालावी. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि मैद्याची खळ एवढ्यात दारावरचा तारा होतो. बाळ येशूसाठी तर काहीच विकत आणू नये. पवित्र मरियेने त्याला बाळंत्यात गुंडाळले. आपल्या घरी बाळंते म्हणजे धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचा तुकडा. आजीच्या लुगड्याचा असा तुकडा कोणत्याही दुकानात मिळत नाही.

ह्यावर काही आक्षेप घेतले जातील. त्यांना उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

पहिला आक्षेप गरीब विक्रेत्यांच्या पोटाचा. नाक्यावर तारे आणि माळा विकणाऱ्याने काय करावे? आक्षेप रास्त आहे. त्याच्याकडून कामट्या घ्याव्यात, कागद घ्यावा, पणत्या घ्याव्यात, कुंभाराकडून मूर्ती घ्यावी. आमचा रोख त्याच्यावर नाही. खरे तर घरबसल्या फोनवरून मागवलेल्या मालानेच त्याचे गिऱ्हाईक तोडले आहे.

दुसरा आक्षेप आमच्या भगिनींचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. घरी करायचे म्हणजे कोणी करायचे? बाईनेच. वसईकडची कुटुंबे फुगे तळतात, अहिल्यानगर-जालन्याकडची करंज्या आणि अनारसे करतात, गोवा-मंगळूरकडची कलकल आणि दोदोल. चुलीपुढे मात्र सगळीकडे बाईच असते. कामावरून थकून आलेल्या स्त्रीवर काटकसरीच्या नावाखाली आणखी एक ओझे टाकायचे असेल, तर असली काटकसर आम्हांला नको. गोठा पुरुषांनी आणि मुलांनी करावा. योसेफ सुतार होता. त्याच्या नावाने चालणाऱ्या घरांतील पुरुषांना कामट्या बांधता येऊ नयेत? पाच प्रकारांऐवजी दोनच करावेत आणि तेही तीन घरांनी एका अंगणात बसून. एकीने लाटावे, दुसरीने भरावे, तिसरीच्या नवऱ्याने तळावे. पूर्वी चाळींतून असेच होत असे आणि त्या कामातच अर्धा सण साजरा होत असे.

तिसरा आक्षेप प्रतिष्ठेचा. 'शेजारी काय म्हणतील?' आमचे शेजारी हिंदू आहेत, मुसलमान आहेत. दिवाळीला फराळाचे ताट आपल्याकडे येते, ईदेला शीरखुर्मा येतो. तो चाखताना त्यांच्या घरची झुंबरे आपण मोजत बसत नाही. तेही आपली मोजत नाहीत. मोजतो तो आपल्यातलाच माणूस, आणि त्या मोजणीला आपण स्पर्धेच्या नावाखाली धर्मग्रामाचा शिक्का मिळवून देतो. नाताळच्या आठवड्यात उरकल्या जाणाऱ्या बाप्तिस्म्यांचे आणि लग्नांचे हॉल, डीजे आणि जेवणावळी ह्याच मोजणीची पुढची पाने आहेत.

म्हणून धर्मग्राम समित्यांपुढे आमच्या तीन मागण्या आहेत. गोठ्यांच्या स्पर्धेत खर्चाची मर्यादा पाचशे रुपये असावी, विकतची मूर्ती गुणांत धरू नये आणि परीक्षकांनी गोठा पाहण्याआधी तो कोणी केला हे घरातील सर्वांत लहान मुलाला विचारावे. दुसरी मागणी अशी की, आगमनकाळातील एका शनिवारी चर्चच्या आवारात पेंढा, खोकी, कामट्या आणि माती ठेवून सर्व मुलांना एकत्र गोठे करायला बसवावे, म्हणजे ज्या घरात जागा नाही तेथेही गोठा पोहोचेल. तिसरी मागणी गीते गाणाऱ्या मंडळींकडे आहे. त्यांनी यंदा रोषणाईच्या घरांपासून सुरुवात करू नये. ज्या दारावर मागच्या वर्षी तारा नव्हता तेथे आधी जावे, हातातली पणती त्या उंबऱ्यावर ठेवावी आणि गीत पूर्ण गावे. दार उघडले नाही तरी पूर्ण गावे.

बक्षिसाची ढाल कपाटात राहिली तर कोणाचे काही जात नाही. पण गल्लीतले एक घर नाताळच्या रात्री अंधारात बसले, तर तो नाताळ आपल्यापैकी कोणाचाच झाला नाही, असे आम्ही समजतो.