खड्यांचे ब्रेसलेट मिठाच्या पाण्यात टाकण्याआधी खड्याचे नाव विचारा

पौर्णिमा जवळ आली की मोबाइलवर एकाच धाटणीचे व्हिडिओ फिरू लागतात. काचेचा वाडगा, त्यात पाणी, मूठभर सैंधव मीठ आणि एकामागून एक पडणारी रंगीत ब्रेसलेट. रात्रभर भिजवा, सकाळी कडक उन्हात ठेवा, खडे ‘शुद्ध’ होऊन पुन्हा ‘चार्ज’ होतील, असा सल्ला सोबत असतो. जांभळा ॲमेथिस्ट, सोनेरी पायराइट, पांढरा सेलेनाइट, हिरवा मॅलाकाइट आणि कधी कधी आजीच्या अंगठीतला मोतीसुद्धा त्याच वाडग्यात जातो.

खड्यात ऊर्जा साठते आणि ती मिठाने धुऊन काढता येते, याला विज्ञानाचा आधार नाही. पण हा वाद इथे बाजूला ठेवला तरी चालेल. कुणी श्रद्धेने खडा घालते, कुणी दिसायला छान म्हणून, कुणी मैत्रिणीने वाढदिवसाला दिला म्हणून. तिघींच्या मनगटावर असते ते खनिजच. त्याला पाणी, मीठ, आम्ल आणि ऊन यांचा फरक पडतो आणि प्रत्येक खनिजाला तो वेगळा पडतो. त्यामुळे सगळ्यांना एकच आंघोळ घालायला सांगणारा सल्ला श्रद्धाळूंचेच सर्वात जास्त नुकसान करतो. ज्यांनी हौस म्हणून घेतले ते ब्रेसलेट वर्षातून एकदा पुसतात. ज्यांचा विश्वास आहे ते दर महिन्याला मिठात बुडवतात.

एका वाडग्यात काय काय बिघडते?

सेलेनाइट म्हणजे जिप्सम. तोच, जो भाजून प्लास्टर ऑफ पॅरिस तयार करतात. एक लिटर पाण्यात तो जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतो. साखरेसारखा दिसेनासा होत नाही, पण पॉलिश केलेल्या खड्याची झिलई उतरायला एवढे पुरते. मिठाच्या पाण्यात तर जिप्सम साध्या पाण्यापेक्षा जास्त विरघळतो. गंमत अशी, की बाकीचे खडे ‘चार्ज’ करायला म्हणून जी पांढरी थाळी विकली जाते, तीही सेलेनाइटचीच. मिठातून काढलेले ओले ब्रेसलेट थेट तिच्यावर ठेवले, की ब्रेसलेटसोबत थाळीही खरखरीत व्हायला लागते.

‘पैसा खेचणारा’ म्हणून सध्या हातोहात खपणारा पायराइट हे लोखंड आणि गंधकाचे संयुग आहे. ओलावा आणि हवा मिळाली की त्याचे हळूहळू ऑक्सिडेशन होते. त्यातून लोहाचे सल्फेट आणि थोडे सल्फ्युरिक आम्ल तयार होते. जगभरच्या संग्रहालयांना पायराइटचे नमुने कोरड्या हवेत जपावे लागतात आणि या ऱ्हासाला तिथे ‘पायराइट डिसीज’ असेच म्हणतात. मुंबई-कोकणातला पावसाळा त्याच्यासाठी आधीच वाईट, त्यात मिठाचे पाणी म्हणजे आगीत तेल. मण्यांवर तपकिरी डाग पडले, पिवळट-पांढरी भुकटी दिसू लागली किंवा गंधकाचा वास आला, तर ते ब्रेसलेट अंगावर ठेवू नये. ‘नजर लागली म्हणून काळे पडले’ हे स्पष्टीकरण अशा वेळी हमखास ऐकू येते.

ॲमेथिस्टची गोष्ट उलटी. तो क्वार्ट्झ, म्हणजे आपल्या गारगोटीचाच जांभळा भाऊबंद. पाण्याचे त्याला भय नाही, उन्हाचे आहे. क्वार्ट्झमधला किंचित लोहांश आणि जमिनीतला नैसर्गिक किरणोत्सर्ग यांच्यामुळे त्याला जांभळा रंग येतो आणि तो उष्णता व तीव्र प्रकाशाने उतरतो. भट्टीत चारशे-पाचशे अंश सेल्सिअसला तापवला तर तो पिवळा होतो. बाजारातला बराचसा सिट्रीन हा असा भाजलेला ॲमेथिस्टच असतो. एका सकाळच्या उन्हाने लगेच फरक दिसणार नाही, पण महिनोन् महिने खिडकीत ठेवलेला खडा फिका पडू शकतो. फ्लोराइट, कुंझाइट आणि काही प्रकारचा रोझ क्वार्ट्झ यांनाही ऊन मानवत नाही.

खिडकीवरून आणखी एक. क्वार्ट्झचा किंवा काचेचा पारदर्शक गोळा उन्हात भिंगासारखे काम करतो. त्याच्या मागे पडदा किंवा कागद असेल तर तो पेटू शकतो. ‘सूर्यप्रकाशात चार्ज करा’ असे सांगणारे हे सांगत नाहीत.

मोती आणि पोवळे हे खनिजापेक्षा शिंपल्याचे नातलग, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, व्हिनेगर, चिंच यांच्यातले आम्ल ते खाते. घाम आणि परफ्यूमनेही मोत्याचा पाणीदारपणा जातो. मॅलाकाइट हे तांब्याचे कार्बोनेट, लापिझ लाझुलीतही कॅल्साइट असते. या दोघांनाही आम्ल चालत नाही. फिरोजा सच्छिद्र असल्याने तेल, क्रीम, साबण शोषून घेतो आणि निळ्याचा हिरवट होतो. पाचूच्या नैसर्गिक भेगांमध्ये तर व्यापारातच तेल भरलेले असते. गरम पाणी, साबणात तासन् तास भिजवणे किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळणारे अल्ट्रासॉनिक मशीन यांमुळे ते तेल निघून जाते आणि भेगा उघड्या पडतात. मग पाचूचे तेज ग्रहामुळे कमी झाले, अशी समजूत करून घेतली जाते.

हे सगळे खड्यांचे झाले. कोंदणाच्या चांदीला, तांब्याला आणि सोन्याच्या पातळ मुलाम्याला मीठ कसे लागते, हे मुंबईच्या किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

पिण्याचे पाणी आणि लहान मुले

दागिना खराब झाला तर पैसे जातात. पण खडे पाण्यात बुडवून ते पाणी पिण्याचा जो प्रकार आहे, तिथे प्रश्न आरोग्याचा होतो. मॅलाकाइटमध्ये तांबे असते, गॅलेनात शिसे, सिनाबारमध्ये पारा. यांतला कोणताही खडा पिण्याच्या पाण्यात जाता कामा नये. पाण्याच्या बाटलीत साधा क्वार्ट्झ असेल तर तो विरघळत नाही हे खरे. पण मण्याला दिलेला रंग, भेगांतली राळ आणि चिकटवायला वापरलेला गोंद यांची हमी कोण देणार?

काळे, जड, एकमेकांना चिकटणारे ‘मॅग्नेटिक हेमेटाइट’चे मणी घरात असतील तर त्यांच्यावर विशेष लक्ष हवे. हे बहुतेक कारखान्यात बनवलेले चुंबक असतात. नैसर्गिक हेमेटाइटचे चुंबकत्व अगदीच क्षीण असते. लहान मुलाने असे दोन-तीन मणी गिळले तर ते आतड्याच्या वेगवेगळ्या वेढ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधली भिंत चिमटीत सापडून छिद्र पडू शकते. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे. इलास्टिक तुटून मणी घरभर पसरले तर ते मोजून गोळा करावेत.

विकणाऱ्याने नाव का सांगू नये?

चारशे रुपयांच्या शर्टाच्या कॉलरमागे तो कसा धुवायचा याच्या सूचना असतात. दोन हजारांच्या ब्रेसलेटसोबत मिळतो तो खडा कोणत्या राशीला चालतो याचा कागद. खनिजाचे नाव, रंगवले आहे का, तापवले आहे का, राळ भरली आहे का, पाणी चालते का, एवढ्या पाच ओळी छापणे विक्रेत्यांना जड नाही. तरी त्या बहुतेक वेळा छापल्या जात नाहीत. कारण नाव लिहिले की पुढचे प्रश्न येतात: ‘फिरोजा’ म्हणून दिलेला मणी रंगवलेला हाउलाइट तर नाही ना, ‘सिट्रीन’ भट्टीतला तर नाही ना? रंगवणे किंवा तापवणे हा गुन्हा नव्हे, रत्नांच्या व्यापारात ते जुने आहे. ते लपवणे ही मात्र फसवणूक आहे.

सोन्याच्या दागिन्यांना २०२१पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. अर्धमौल्यवान खड्यांच्या मण्यांना तशी सक्ती नाही. महागडा खडा असेल तर मुंबई, सुरत, जयपूरसारख्या शहरांतल्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत तपासून घेता येतो. पाचशे रुपयांच्या ब्रेसलेटसाठी तेवढा खटाटोप कोण करणार? म्हणूनच ही जबाबदारी विक्रेत्याची. ग्राहकाच्या हातात इतकेच, की बिलावर खड्याचे नाव लिहून मागायचे. ‘लकी स्टोन’ हे नाव होत नाही.

‘क्रिस्टल’ या शब्दानेही घोळ वाढतो. दुकानात त्याचा अर्थ कधी स्फटिक, म्हणजे नैसर्गिक क्वार्ट्झ, तर कधी पैलू पाडलेली काच. काचेच्या खड्याच्या मागे बहुधा चांदीसारखा वर्ख लावलेला असतो आणि पाणी मागे शिरले की तो काळा पडतो. लग्नसराईतल्या चमकदार सेटमधला एखादा खडा अचानक ‘आंधळा’ होतो, तो यामुळेच. असे दागिने भिजवायचेच नाहीत. किंचित ओलसर कपडा, लगेच कोरडा कपडा, झाले.

मग स्वच्छ करायचे कसे?

आधी धूळ. धुळीत क्वार्ट्झचे बारीक कण असतात आणि १८१२मध्ये फ्रेडरिक मोह्स यांनी मांडलेल्या कठिणतेच्या मापात क्वार्ट्झ ७ वर आहे. मोती, पोवळे, मॅलाकाइट, फ्लोराइट हे सगळे पाचाच्या आत. जिप्सम तर २, म्हणजे नखानेही ओरखडा पडेल असा. धुळकट खडा कोरड्या कपड्याने खसाखसा पुसणे म्हणजे त्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवण्यासारखे आहे. त्यामुळे धूळ आधी मऊ ब्रशने झटकायची, पुसायचे नंतर.

स्फटिक, ॲमेथिस्ट, टायगर आय, अकीक या क्वार्ट्झ कुळातल्या खड्यांना कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब आणि लहान मुलांचा मऊ टूथब्रश पुरतो. रिठ्याचे पाणीही चालते. घरचे सोने-चांदी त्यातच धुण्याची जुनी पद्धत आहे. पाणी कढत नको, कारण खड्यातल्या सूक्ष्म भेगा अचानक तापल्याने वाढू शकतात. अकीक गडद गुलाबी किंवा झगझगीत निळा असेल तर तो रंगवलेला असण्याची शक्यता मोठी. आधी एक मणी ओल्या कापसाने पुसून रंग लागतो का ते बघावे. इलास्टिकमधले ब्रेसलेट भिजत ठेवू नये, मण्यांच्या भोकांत पाणी राहते आणि दोरी कुजते. धुणे दोन मिनिटांत उरकून सावलीत आडवे वाळवावे.

मोती, पोवळे, फिरोजा, मॅलाकाइट, लापिझ यांना भिजवणे नाही. जुन्या सुती साडीचा तुकडा साध्या पाण्यात ओला करून घट्ट पिळावा, त्याने पुसावे, मग कोरड्याने. मोत्याची माळ रेशमी दोऱ्यात ओवलेली असते. दोरा ओला असताना टांगली तर ताणला जातो, म्हणून सपाट ठेवून वाळवावी. सेलेनाइट आणि पायराइट कोरडेच पुसावेत.

चांदी उजळायला टूथपेस्ट वापरण्याची सवय घराघरांत आहे. पेस्टमधले घासणारे कण चांदीवर बारीक ओरखडे पाडतात, मऊ खड्यावर तर नक्कीच. ॲल्युमिनियम फॉइल, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी हा उपाय विद्युतरसायनाच्या नियमाने खरोखर चालतो. चांदीवरचे गंधक ॲल्युमिनियमकडे जाते. पण तो बिनखड्याच्या साध्या चांदीसाठीच. ‘ऑक्सिडाइज्ड’ दागिन्यांवर केला तर मुद्दाम दिलेला काळा रंगही निघून जाईल आणि कोल्हापुरी ठुशीची नक्षी सपाट दिसू लागेल.

ठेवताना प्रत्येक दागिना वेगळ्या मऊ पिशवीत. पावसाळ्यात चांदी आणि पायराइटच्या डबीत सिलिका जेलची पुडी टाकावी. ओपल आणि मोत्यांसोबत मात्र नको, त्यांना थोडा ओलावा लागतो. घालताना पावडर-परफ्यूम आधी, दागिना शेवटी. उतरवताना तो पहिला.

ज्यांना शुद्धीकरणाचा विधी करायचाच आहे त्यांच्यासाठी निरुपद्रवी पर्याय भरपूर आहेत. चांदण्यात ठेवल्याने कोणत्याही खड्याचे काही बिघडत नाही. घंटानादानेही नाही. धूप दाखवायला हरकत नाही, फक्त कापराची काजळी सच्छिद्र फिरोजावर बसू देऊ नये.

महाराष्ट्रातल्या खड्यांसाठी दोन शब्द वेगळे. दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकाच्या पोकळ्यांत, जळगाव, नाशिक, पुणे परिसरात, ॲपोफिलाइट, स्टिलबाइट आणि स्कोलेसाइटचे सुंदर स्फटिक सापडतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहता येतात. परदेशातल्या क्रिस्टल दुकानांत हेच दगड चढ्या भावाने विकले जातात. स्टिलबाइट आणि स्कोलेसाइट हे झिओलाइट. १७५६मध्ये स्वीडनच्या क्रोन्श्टेट यांनी हे नाव दिले, अर्थ ‘उकळणारा दगड’, कारण तापवल्यावर त्यातले पाणी वाफ होऊन बाहेर पडते. ॲपोफिलाइट त्या गटातला नसला तरी त्याच्याही रचनेत पाणी आहेच. या तिघांना दिव्याची आच, कढत पाणी आणि लिंबू दाखवायचे नाही. मऊ ब्रशने झटकणे पुरेसे. ॲपोफिलाइटला एका दिशेने सहज, सरळ तडा जातो, तेव्हा त्याचे पेंडंट लोकलच्या गर्दीत घालण्यापेक्षा घरच्या कार्यक्रमाला घातलेले बरे.