तिच्या हक्काचा कोड नवऱ्याच्या मोबाइलवर

लग्न होऊन ब्रिटनला गेलेल्या आपल्याकडच्या मुलीपाशी, ती तिथे कायदेशीर राहते आणि तिला काम करण्याची मुभा आहे, हे दाखवणारा चालणारा कागद आता नसतो. पूर्वी फोटो असलेले एक कार्ड मिळे. त्यातली बहुतेक कार्डे ३१ डिसेंबर २०२४ ला संपली. आणि ६ एप्रिल २०२२ पासूनच नोकरीसाठी किंवा घरासाठी ते कार्ड दाखवणे बाद ठरले होते. त्या जागी आला ई-व्हिसा, म्हणजे सरकारच्या संगणकातली एक नोंद. काम हवे असेल तर आपल्या खात्यात शिरून नऊ अक्षरी 'शेअर कोड' काढायचा, तो जन्मतारखेसह मालकाला द्यायचा, मग मालक तो संकेतस्थळावर घालून खात्री करणार. कोड नव्वद दिवस चालतो. इंग्लंडमध्ये घर भाड्याने घ्यायचे तर घरमालकासाठी वेगळा कोड.

ऐकायला सोपे आहे. पण खात्यात शिरायला पासपोर्टसारख्या ओळखपत्राचा क्रमांक लागतो आणि मोबाइलवर किंवा ई-मेलवर येणारा आकडा लागतो. कोणाच्या मोबाइलवर?

आमच्या समुपदेशन केंद्रात परदेशी दिलेल्या मुलींचे आईवडील येतात तेव्हा मी हल्ली हाच प्रश्न आधी विचारते. उत्तर बहुधा एकच : "सगळं जावईबापूंनीच केलं." कधी दिराने, कधी फॉर्म भरणाऱ्या एजंटाने. मुलगी इंजिनिअर असो की बारावी झालेली, लग्नाच्या धांदलीत 'तू कशाला त्यात पडतेस' म्हणून तिची सही तेवढी घेतली जाते. पासपोर्टही पुढे सासूच्या कपाटात जातो. म्हणजे बाईला परक्या देशात राहण्याचा हक्क आहे, पण तो सिद्ध करायचा तर नवऱ्याला विचारून!

हे आपल्याला नवीन नाही. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून वर्षानुवर्षे पुरुषाचे नाव होते. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये घरातली मोठी बाई प्रमुख ठरली. तरी २०२५ मध्ये 'लाडकी बहीण'च्या ई-केवायसीसाठी नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार मागितला गेला, तेव्हा टाकलेल्या बायकांनी काय करायचे होते? संगणक आला म्हणून पुरुषाची परवानगी गेली, असे होत नाही. ती फक्त ओटीपीच्या रूपाने येते.

ब्रिटिश सरकार सांगते की ई-व्हिसा हरवत नाही, कोणी चोरू शकत नाही. नवरा कार्ड लपवत असे, हे खरेच आहे. पण लपवलेले कार्ड बाईला निदान दिसत नाही, म्हणून तिला ते समजते. ई-मेल त्याचा असेल तर पत्रे त्यालाच जातात, आणि तिला काही कळतही नाही. खाते परत मिळवण्याची सोय आहे, तीही संकेतस्थळावरच. रात्री घराबाहेर काढलेल्या, पासपोर्ट हाती नसलेल्या बाईने ती कशी वापरायची?

मालकाला आणि घरमालकाला या कारभारात पोलीस करून टाकले आहे, तेही फुकटचे. १३ फेब्रुवारी २०२४ पासून हक्क नसलेल्या माणसाला कामावर ठेवले तर पहिल्याच वेळी माणशी ४५ हजार पौंडांपर्यंत दंड, घर दिले तर १० हजारांपर्यंत. एवढी टांगती तलवार असताना घरमालक काय करील? समोर दोन भाडेकरू : एकीच्या हातात ब्रिटिश पासपोर्ट, दुसरी म्हणते 'थांबा, कोड काढते, साइट चालत नाहीये.' किल्ली पहिलीलाच मिळणार. हा माझा कल्पनाविलास नव्हे. या घरभाडे तपासणीमुळे भेदभाव होतो, असे लंडनच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले. अपील न्यायालयाने २०२० मध्ये निकाल फिरवला, पण काही भेदभाव होतो हे नाकारले नाही. होतो, पण चालतो!

आता मार खाऊन बाहेर पडलेल्या बाईचे बघा. नोकरी-शिक्षणासाठी गेलेल्याच्या बायकोला फेब्रुवारी २०२४ पासून तीन महिन्यांची तात्पुरती सवलत मिळू शकते. कायम वास्तव्याचा रस्ता तिला त्यातून नाही. तीन महिन्यांत तिने छप्पर शोधायचे, काम शोधायचे, आणि दोन्हीकडे पहिली मागणी त्या कोडाची. साउथॉलच्या काळ्या आणि आशियाई बायकांच्या संघटना व्हिसाच्या दोरीने नवऱ्याला बांधलेल्या बायकांसाठी गेली कित्येक वर्षे झगडत आहेत. सरकारने ती दोरी सोडवली नाही, आता तिचे टोक मोबाइलमध्ये नेऊन ठेवले.

संगणकातली नोंद खुशाल राहू द्या. पण मागेल तिला तिच्या हातात कागद दिला पाहिजे, आणि तो कागद मालकाने व घरमालकाने ग्राह्य धरलाच पाहिजे. आश्रयगृहातून अर्ज आला तर पासपोर्टाची अट न घालता खाते तिच्या ताब्यात दिले पाहिजे.

तोवर, मुलीच्या बॅगेत मेतकूट आणि पापड भरणाऱ्या आयांनो, विमानात बसण्याआधी तिच्या नावाचा ई-मेल उघडा. पासवर्ड तिलाच ठरवू द्या. व्हिसाच्या खात्यात तोच ई-मेल आणि तिचाच मोबाइल नंबर आहे ना, हे समोर बसून पाहा. व्हिसा मंजुरीचे पत्र आणि पासपोर्टाची पाने यांच्या झेरॉक्स तुमच्या घरी ठेवा. जावई रागावले तर रागावू द्या.