जुन्या खुर्चीचे सांधे

गुलमंडी, शहागंज परिसरातील एखाद्या जुन्या वाड्याची वाटणी होते, तेव्हा दागिन्यांची आणि भांड्यांची यादी काटेकोर होते. माळ्यावरच्या दोन सागवानी खुर्च्यांना मात्र वारस सापडत नाही. बसकी बैठक, तिरपी पाठ, निमुळते हात. हे वळण मूळचे डेन्मार्कचे. तेथील हान्स वेगनर यांनी १९४९ साली आखलेल्या ‘विशबोन’ खुर्चीची बैठक आजही सुमारे १२० मीटर कागदी दोरीने हातांनी विणली जाते. आशियाचे सागवान तिकडे गेले आणि तिकडची घडण इकडे आली. व्यापारी घरांना हा व्यवहार सहज उमगावा.

खुर्ची डुगडुगू लागली की ती भंगारात जाते. चंडीगडच्या सरकारी कचेऱ्यांतून अशाच निघालेल्या, पियेर जानरे यांच्या घडणीच्या खुर्च्या पुढे परदेशी लिलावांत लाखोंना विकल्या गेल्या. वास्तविक डुगडुगणे हा लाकडाचा दोष नव्हे. उन्हाळ्यात लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते आणि सांधे सुटतात.

दुरुस्तीला देताना श्रावकाने सुताराशी दोन शब्द बोलावेत. जुन्या सांध्यांत बहुधा सरस असतो आणि सरस म्हणजे जनावरांची कातडी व हाडे उकळून केलेला चिकटा. त्याचा एक गुण मान्य करावा लागेल: कोमट पाण्याने तो सुटतो, त्यामुळे लाकूड न फोडता सांधा उघडता येतो. तथापि पुन्हा जोडताना त्याची गरज उरत नाही. सरसाला पर्याय ठरलेले कृत्रिम फेव्हिकॉल १९५९ साली बाजारात आणले ते बळवंत पारेख यांनी. ते महुव्याच्या जैन कुटुंबातले. जुना सरस पूर्ण खरवडून काढल्याखेरीज मात्र नवा चिकटा धरत नाही, आणि घाईचा सुतार नेमके तेवढेच टाळतो.

पॉलिशचेही तसेच. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा म्हणजे लाख, कीटकांपासून मिळणारी. पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य गणले आहे, हे घरोघरी ठाऊक असते. खुर्चीच्या चकाकीपाशी ते आठवत नाही. जवसाचे तेल पातळ हाताने दोन-तीनदा चोळले तरी सागवान खुलते. तेलाची फडकी चुरगाळून ठेवू नयेत, ती आपोआप पेट घेतात, पसरून वाळवावीत. बैठकीला चामड्याऐवजी वेत.

खुर्चीखाली बारीक भुसा पडत असेल तर प्रश्न अवघड होतो. औषध टोचले की जीवहिंसा, न टोचले तर खुर्ची जाते. मात्र ही कीड बहुधा सालीलगतच्या फिकट लाकडातच राहते, सागवानाच्या गाभ्यात सहसा शिरत नाही. जाणता सुतार तेवढा फिकट तुकडा काढून नवा बसवतो. काढलेला तुकडा बंबात न टाकता घरापासून दूर, झाडाखाली सावलीत ठेवावा, एवढी जयणा पाळता येते.