हळद नेमकी कोणती, हे विचारायला हवे

थंडी सरत आली की वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात वायगावची हळद निघू लागते. गड्डे वेगळे काढायचे, बाकीची हळद उकडायची, कडक उन्हात वाळवायची, पॉलिश करायची आणि मगच हळकुंड बाजारात धाडायचे, हा तिथला क्रम. वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०१८ मध्ये ते सांगलीच्या आणि २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला मिळाले. करक्युमिनचे जास्त प्रमाण ही वायगावची ओळख म्हणून सांगितली जाते. हाच शब्द आता नागपुरातल्या औषध दुकानांत पिवळ्या डब्यांवर ठळक छापलेला दिसतो. इतवारीच्या किराणा बाजारातले हळकुंड आणि दुकानातली कॅप्सूल यांना रुग्ण ‘हळद’ असे एकच नाव देतो. वैद्य, डॉक्टर आणि औषध विक्रेत्यांनी मात्र तसे करून चालणार नाही.

हळकुंडात करक्युमिनॉइड साधारण २ ते ५ टक्के असतात: करक्युमिन, डेमेथॉक्सीकरक्युमिन आणि बिसडेमेथॉक्सीकरक्युमिन. रंग यांचा. वास मात्र टर्मेरोनसारख्या घटकांचा, म्हणजे उडनशील तेलाचा. उरलेल्यात मोठा वाटा स्टार्चचा. चरकसंहितेने लेखनीय, कुष्ठघ्न आणि विषघ्न गणांत घातलेली हरिद्रा ही अशी अख्खी आहे. प्रमेहात दिली जाणारी निशामलकी किंवा शीतपित्तातले हरिद्राखंड यांतही ती अख्खीच येते. कॅप्सूलसाठी ९५ टक्के करक्युमिनॉइडचा अर्क काढताना तेल आणि स्टार्च जवळजवळ सगळे मागे राहते. वनस्पती तीच असली तरी हाती येणारे द्रव्य वेगळे असते.

हिशेब मांडला की फरक डोळ्यांत भरतो. आयुर्वेदिक फार्माकोपियात हरिद्राचूर्णाची मात्रा १ ते ३ ग्रॅम आहे. हळदीत ३ टक्के करक्युमिनॉइड धरले, तर ३ ग्रॅम चूर्णातून ९० मिलिग्रॅम मिळतात. ९५ टक्के अर्काच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूलमधून ९५० मिलिग्रॅम जातात. तेवढे मिळवायला ३० ग्रॅमहून अधिक हळद रोज खावी लागेल. खाद्यरंग म्हणून करक्युमिनसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने ठरवलेली दैनंदिन मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम आहे. ६० किलोच्या माणसाला ती १८० मिलिग्रॅम पडते.

तरीही अनेक वर्षे कोणी फारशी काळजी केली नाही, कारण पोटात गेलेले करक्युमिन रक्तात जेमतेम उतरते. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये २ ग्रॅम करक्युमिनसोबत मिऱ्यातले पायपरिन २० मिलिग्रॅम दिले, तेव्हा शोषण २० पटींनी वाढल्याचे दिसले. कंपन्यांनी हे सूत्र उचलले. पण पायपरिन यकृतातील औषध निकामी करणाऱ्या विकरांनाच अडवते. म्हणजे रुग्णाच्या इतर गोळ्यांचे प्रमाणही रक्तात चढू शकते.

यकृताला होणाऱ्या इजेच्या नोंदी याच टप्प्यावर येतात. अमेरिकेत औषधजन्य यकृतइजेची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांनी २०२२ मध्ये हळदीशी जोडलेले १० रुग्ण मांडले. पाच जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, एक दगावला. दहांपैकी सात जणांत एचएलए-बी*३५:०१ हे जनुकीय रूप सापडले. तपासलेल्या सात उत्पादनांपैकी तिनांत पायपरिन होते. आमटीभाजीतल्या चिमूटभर हळदीला यावरून दोष देता येत नाही, आणि त्या हळदीच्या पुण्याईवर कॅप्सूलही निर्धोक ठरत नाही.

परिणामकारकतेचे दावेही तोलून घ्यावेत. जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीत २०१७ मध्ये आलेल्या एका दीर्घ आढाव्याने दाखवले, की करक्युमिन स्वतः चमकते, अनेक प्रथिनांना चिकटते आणि सौम्य अल्कधर्मी द्रावणात लवकर तुटते. त्यामुळे परीक्षानळीत ते शंभर रोगांवर चालल्यासारखे दिसते. हळदीने जखम भरण्याचे अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने सिद्ध केले ते एवढेच, की हे ज्ञान नवे नाही. कर्करोगापासून विस्मरणापर्यंतच्या जाहिरातींना त्या विजयाचा आधार घेता येत नाही.

औषधनिर्मात्यांपुढचा प्रश्न कच्च्या मालाचा आहे. हळदीचे पाणी गडद पिवळे झाले तर रंग मिसळल्याची शंका घ्यावी. मेटॅनिल यलो हायड्रोक्लोरिक आम्लात गुलाबी होतो आणि पाणी घातले तरी गुलाबीच राहतो. लेड क्रोमेटमधले शिसे मोजायला मात्र प्रयोगशाळाच गाठावी लागते. ४२५ नॅनोमीटरवरच्या नुसत्या स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये. मिसळलेला पिवळा रंगही तिथे शोषण दाखवून करक्युमिनचा आकडा फुगवू शकतो. एचपीएलसीवर तिन्ही करक्युमिनॉइड वेगवेगळे दिसतात. वायगावच्या नावाने जादा दर मोजणाऱ्याने प्रत्येक लॉटचा असा अहवाल मागावा.

ओपीडीत बदल छोटाच लागेल. “काकू, मसाल्याच्या डब्यातली हळद घेता की कॅप्सूल?” एवढे विचारून ब्रँड, मिलिग्रॅम, मिरीचा अर्क आणि किती दिवस घेतली हे केसपेपरवर लिहावे. पित्ताशयात खडे असतील किंवा वॉरफरिन चालू असेल, तर अर्क टाळायला सांगावे. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर कॅप्सूल त्याच दिवशी थांबवून यकृताच्या तपासण्या कराव्यात. यांतली बरीच उत्पादने अन्नपूरक म्हणून विकली जातात, म्हणून ती औषधांच्या यादीत लिहिलीच जात नाहीत. संशयित दुष्परिणाम गाझियाबादच्या औषधदक्षता केंद्राला १८००-१८०-३०२४ या विनाशुल्क क्रमांकावर कळवता येतो. कळवताना डब्याचा बॅच नंबर हाताशी ठेवावा.