गोंगाट की साधना?

'हेवी मेटल' हे नाव कानी पडताच पुष्कळ वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. कर्कश आवाज, मोकळे सोडलेले केस आणि सैतानाची चित्रे, एवढेच त्या संगीताचे स्वरूप आहे अशी त्यांची समजूत असते. उलटपक्षी, गिटारचा नाद लागलेल्या मुलांस असे वाटते की, बोटे वेगाने फिरविता आली म्हणजे आपण वादक झालो. आणि घरच्या घरी ध्वनिमुद्रण करून ते जगापुढे ठेवले म्हणजे कलावंत झालो. आमच्या अल्पमतीप्रमाणे हे दोन्ही समज सारखेच भ्रामक आहेत. स्टीव्ह व्हाय या अमेरिकन गिटारवादकाचा 'पॅशन अँड वॉरफेअर' हा १९९० साली प्रसिद्ध झालेला अल्बम या बाबतीत विचार करण्याजोगा आहे.

डेव्हिड ली रॉथ यांच्या वाद्यवृंदात आणि पुढे 'व्हाइटस्नेक' या प्रख्यात वाद्यवृंदात व्हाय यांनी गिटार वाजविली होती. तेथे गायक पुढे आणि गिटार त्याच्या साथीस असे. या अल्बममध्ये मात्र अधूनमधून येणारे बोलण्याचे तुकडे सोडले तर शब्द नाहीत. गायकाची जागा गिटारनेच घेतली आहे. दुसरा विशेष असा की, अल्बमचे निर्माते व्हाय स्वतःच होते आणि ध्वनिमुद्रणही त्यांनी आपल्या घरच्या मुद्रणगृहातच केले. कोणते वादन ठेवावे, कोणते टाकावे आणि काम पुरे झाले असे केव्हा म्हणावे, हे ठरविणे निर्मात्याचे काम होय. एरवी हा निवाडा दुसरा कोणी करतो. येथे वादकाने तो आपल्या शिरावर घेतला. या शब्दहीन संगीतास अमेरिकेतील अल्बमांच्या यादीत १८ वे स्थान मिळाले आणि ५ लाख प्रतींच्या खपाबद्दल देण्यात येणारा 'गोल्ड' हा मानही लाभला.

प्रथम पालकांच्या आक्षेपाचा विचार करू. १९८६ सालच्या 'क्रॉसरोड्स' या चित्रपटात सैतानाच्या पक्षाचा गिटारवादक आणि एक कोवळा मुलगा यांच्यात वादनाची झुंज दाखविली आहे. सैतानाचा वादक झाले आहेत हेच व्हाय. अखेरीस पागानिनी या इटालियन व्हायोलिनवादकाच्या ५ व्या कॅप्रिसवर आधारलेली एक रचना वाजवून मुलगा जिंकतो. मौज ही की, पडद्यावर मुलाची बोटे हालतात, पण ती विजयी रचना प्रत्यक्षात व्हाय यांनीच वाजविलेली आहे! हात तोच, वाद्य तेच. एका क्षणी ते सैतानाचे आणि दुसऱ्या क्षणी त्याचा पराभव करणारे. खुद्द पागानिनीविषयीही, याने सैतानाशी करार केला असावा, असे लोक त्याच्या काळी कुजबुजत असत. सारांश, पाप तारांत किंवा विजेच्या प्रवाहात नसते. मोठ्या आवाजाचेच वावडे असेल, तर बायबलमधील १५० व्या स्तोत्रात परमेश्वराच्या स्तुतीसाठी दणदणणाऱ्या झांजांनाही स्थान आहे, हे स्मरावे. आणि शब्द नाहीत म्हणून अर्थ नाही असे म्हणावे, तर लग्नमंडपातील सनईलाही तोच दोष द्यावा लागेल.

या अल्बममधील सर्वांत गाजलेल्या रचनेचे नाव 'फॉर द लव्ह ऑफ गॉड', म्हणजे 'देवाच्या प्रीतीस्तव', असे आहे. उपवास चालू असताना आपण ती मुद्रित केली, असे व्हाय यांनी सांगितले आहे. ती प्रार्थना आहे असा आमचा दावा नाही. परंतु ती केवळ गोंगाट आहे असे ती एकदा शांतपणे ऐकणारा म्हणणार नाही.

आता विद्यार्थिमित्रहो, तुमच्याशी दोन शब्द. घरी बसून अल्बम करणाऱ्या या मनुष्याने आधी काय केले ते पाहा. १९६० साली जन्मलेल्या व्हाय यांनी लहानपणी आपल्याहून अवघ्या चार वर्षांनी मोठ्या असलेल्या जो सॅट्रिआनी यांच्यापाशी गिटारचे धडे घेतले. पुढे बॉस्टन येथील बर्कली संगीत महाविद्यालयात शिक्षण झाले. नंतर फ्रँक झॅपा या रचनाकाराचे अतिशय किचकट संगीत ऐकून ते स्वरलिपीत उतरवून काढण्याचे काम त्यांनी केले. यात टाळ्या नव्हत्या. कान आणि चिकाटी यांचीच कसोटी होती. त्यानंतर आपल्या घरामागील खोपटात मुद्रणाची साधने मांडून त्यांनी 'फ्लेक्स-एबल' हा पहिला अल्बम १९८४ साली काढला. 'पॅशन अँड वॉरफेअर' त्यानंतर सहा वर्षांनी आला. त्यांनी आखलेला दहा तासांच्या सरावाचा क्रम १९९० साली 'गिटार वर्ल्ड' मासिकात छापून आला होता. आणि या अल्बममधील एका खोडकर रचनेत त्यांच्या बालपणीच्या शिक्षिकेचाच आवाज ऐकू येतो. शिष्य कितीही स्वतंत्र झाला तरी शाळेची आठवण त्याने पुसून टाकली नाही, हे आम्हांस विशेष वाटते.

स्वतःच निर्माता होण्यात धोकाही आहे. 'हे पुरे झाले नाही' असे सांगणारा कोणी जवळ नसतो. याच अल्बममध्ये काही ठिकाणी गिटारचे थरावर थर इतके रचले आहेत की, मूळ सूर झाकोळून जातो असे आम्हांस वाटते. तेथे परक्या कानाचा उपयोग झाला असता. व्हाय यांच्यासारख्या जाणत्या वादकाची ही गोष्ट, तर नवशिक्याची काय कथा? त्या खोपटाने जे दिले त्याहून अधिक साधने आज साध्या संगणकात मिळतात. साधने स्वस्त झाली. परीक्षक मात्र स्वस्त झाला नाही. तो आपल्याच अंतःकरणात घडवावा लागतो, आणि त्यास वर्षे लागतात.

म्हणून पालकांस आमची विनंती एवढीच की, मुलाच्या खोलीतून गिटारचा आवाज येऊ लागताच दार आपटू नये. आवाज कानांस अपाय करणार नाही इतपत ठेवावयास अवश्य सांगावे. पण त्याबरोबर 'आज नवे काय बसविलेस?' असेही विचारावे. उत्तर मिळाले तर तो गोंगाट नव्हे. आणि मुलांनी आपले वादन चारचौघांपुढे ठेवण्यापूर्वी ते अशा एखाद्या गुरूस ऐकवावे, जो प्रेमाने परंतु निर्भीडपणे 'पुन्हा वाजव' असे म्हणेल.