कूलर ‘एक्स्ट्रा’ नाही, तो कामाचाच भाग आहे



या आठवड्याच्या व्हिडिओत मी एक वाक्य बोललो आणि गॅरेजवाल्या मित्रांचे फोन सुरू झाले. वाक्य असं होतं: “टॉर्क कन्व्हर्टरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवताय आणि गिऱ्हाईक ऑइल कूलरला नाही म्हणतंय, तर ते काम घेऊच नका.” एक जण तर सरळ म्हणाला, “सर, तुम्हाला बोलायला काय जातंय? धंदा आम्हाला करायचाय.” बरोबर आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या बॅचमधल्या जालन्याच्या एका गॅरेजवाल्याची ही गोष्ट. हात एकदम साफ. एका हौशी गिऱ्हाईकाने त्याच्याकडे जुनी जीप आणली. हॉट रॉडसारखी गाडी करायची, मोठं इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. जीप मूळची मॅन्युअल, त्यामुळे तिच्या रेडिएटरमध्ये गिअर ऑइल थंड करायची सोयच नव्हती. कूलरचा खर्च सांगितला तर गिऱ्हाईक म्हणालं, “नंतर बघू.” याने गिअरबॉक्सची दोन्ही तोंडं एका पाइपने एकमेकांना जोडून टाकली. गाडी दिली, फोटो काढले, पेढे वाटले.

अंगारकीला गाडी राजूरला गेली. गर्दीत तासभर मुंगीच्या पावलानं चालली. परत येताना गिअर घसरायला लागले. ऑइल काढलं तर काळं, जळका वास. दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उघडला तो याच्या स्वतःच्या खिशातून. मला फोन करून म्हणाला, “सर, तुम्हीच शिकवलं होतं ना, आधी होकार घ्या, खर्चाचं नंतर बोला.”

हो, मीच शिकवलं होतं. आणि चुकीचं शिकवलं होतं.

आता जालनेकरांना हे समजायला फार अवघड नाही. आपल्या एमआयडीसीत भट्ट्या चालतात. इंडक्शन फर्नेसच्या तांब्याच्या कॉइलमधून पाणी फिरत असतं. ते पाणी थांबलं तर काय होतं, हे तिथल्या हेल्परलाही माहीत आहे. कुठला मालक म्हणतो का, “भट्टी आत्ता बसवा, पाण्याचं नंतर बघू”? मग गिअरबॉक्सच्या बाबतीत हे का चालतं?

साधा हिशोब बघा. 100 हॉर्सपॉवर कन्व्हर्टरमधून जाताना समजा फक्त 8 टक्के वाया गेली, तर सुमारे 6 किलोवॅट उष्णता झाली. म्हणजे घरातले 2 किलोवॅटचे तीन गिझर एकदम चालू! ही सगळी उष्णता ऑइलमध्ये उतरते. ऑइल 80 ते 95 अंशांत राहिलं तर गिअरबॉक्स सुखी. त्याच्या वर दर 10-11 अंशांना ऑइलचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा मेकॅनिक लोकांचा जुना ठोकताळा आहे. आणि एक गंमत लक्षात घ्या. समृद्धीवर एका स्पीडने पळताना कन्व्हर्टर लॉक होतो, वारा भरपूर लागतो, तिथे त्रास कमी. खरा त्रास गर्दीत, घाटात, ट्रॉली ओढताना. तेव्हा कन्व्हर्टर सर्वात जास्त घसरतो आणि वारा सर्वात कमी असतो. त्यात आपला मे महिना.

पण उठसूट प्रत्येक ऑटोमॅटिकला कूलर विकू नका. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त ऑटोमॅटिक गाड्या एएमटी आहेत. आतला गिअरबॉक्स मॅन्युअलच, फक्त क्लच आणि गिअर मशीन दाबतं. तिथे हा कूलर लागतच नाही. ज्याला हे माहीत नाही आणि तरी तो विकतो, तो गिऱ्हाईक फसवतोय.

निवडायचा कसा? साध्या नळी-जाळीचा स्वस्त असतो, पण तेवढंच काम करायला मोठा लागतो. प्लेट एकावर एक रचलेला महाग, पण कमी जागेत जास्त काम करतो. जीपच्या तोंडाशी जागा कमी, म्हणून मी प्लेटवाला सुचवीन. बसवायचा रेडिएटरच्या पुढे, जिथे वारा पहिला लागतो. खाली चासीला बसवायचा असेल तर स्वतंत्र पंखा हवा आणि दगडांपासून बचाव हवा.

लावताना प्लॅस्टिकच्या टाय जाळीतून ओवू नका. कंप होऊन कूलर घासतो आणि एक दिवस भोक पडतं. पट्टीचे ब्रॅकेट करा, मध्ये रबर द्या. पाइपची तोंडं वर किंवा बाजूला ठेवा, म्हणजे हवा अडकत नाही. पाइप गिअर ऑइल आणि दाब सहन करणाराच घ्या, पेट्रोलचा उरलेला तुकडा नको. सायलेन्सरपासून लांब न्या, मोड देऊ नका. जुना गिअरबॉक्स जळलेला असेल तर जुना कूलर पुन्हा वापरू नका, आतला कचरा पुरता निघत नाही. शेवटी कंपनीच्या पुस्तकात सांगितलंय तशी लेव्हल बघा, कारण कूलर आणि पाइप भरले की ऑइल कमी पडतं.

आणि सर्वात आधी कागद. 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल कलम 52 प्रमाणे चालत नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. गिऱ्हाईकाला आधी आरटीओत पाठवा, मग पाना हातात घ्या.

“पण सर, गिऱ्हाईक दुसऱ्या गॅरेजला जाईल.” जाऊ दे ना. कोटेशनमध्ये कूलर वेगळ्या ओळीत लिहू नका. वेगळी ओळ म्हणजे खोडायची ओळ. “गिअरबॉक्स बसवणे, कूलर, पाइप, ऑइल आणि चाचणीसह” असा एकच आकडा लिहा. कमी करा म्हटलं तर रंगात करा, सीट कव्हरात करा. कूलरमध्ये नाही.

त्या जालन्याच्या मित्राने आता तेच सुरू केलंय. मागच्या महिन्यात एक काम हातातून गेलं म्हणून त्याने फोन केला. मी विचारलं, वाईट वाटतंय का? म्हणाला, “वाटतंय की सर. पण रात्री झोप लागली.”

तुमच्या धंद्यातला ‘नंतर बघू’ कोणता आहे? आज तो कोटेशनमध्ये आत घ्या. भेटू पुढच्या व्हिडिओत.