पिंजरा दाखवणाऱ्याला कणखर म्हणू नका

परवा मंचरला स्टँडजवळच्या टपरीवर चहा पिताना आमच्यातलाच एक पोरगा म्हणाला, "भाई, त्यांच्याकडे कडक माणूस आहे. आपल्यालाही असाच एखादा शेर पाहिजे. त्याशिवाय आपण सेफ नाही." बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या. मी काहीच बोललो नाही. तेव्हा बोलायला हवं होतं, म्हणून आता लिहितोय.

दोस्तांनो, जुन्नर-आंबेगावात राहून कोणी शेर मागत असेल तर त्याने आधी आपल्याच भागातला बिबट्याचा इतिहास पाहावा. कडकपणा दाखवणं वेगळं आणि माणसांना सुरक्षित ठेवणं वेगळं, हा धडा आपल्या उसाच्या फडांनी आपल्याला फार महागात शिकवला आहे.

माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही धरणं झाली, कालव्याचं पाणी आलं, कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. उसात लपायला जागा, गावात कुत्री-शेळ्या, जवळ पाणी. बिबट्या तिथेच व्यायला लागला. 2001 च्या सुमारास माणसांवरचे हल्ले वाढले, लोक चिडले, आणि मग सरकारने लोकांना हवं होतं ते केलं. पिंजरे लावले. दोन-तीन वर्षांत जुन्नर वन विभागात शंभरावर बिबटे पकडले गेले आणि त्यातले बरेचसे दूरच्या जंगलांत नेऊन सोडले. दिसायला याच्याइतकं कडक काही नव्हतं. पिंजऱ्यातला बिबट्या सगळ्यांनी पाहिला, सगळ्यांना वाटलं काम झालं.

मग विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हल्ल्यांचा हिशेब मांडला. ही धरपकड सुरू होण्याआधी या पट्ट्यात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत होते. धरपकडीनंतर ते 17 वर गेले. जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण शंभरात 18 होतं, ते 36 झालं. कारण समजायला अवघड नाही. अनोळखी रानात सोडलेलं जनावर बिथरतं, आणि रिकाम्या झालेल्या जागेत नवं जनावर येतं. म्हणजे ज्या कारवाईने लोकांना हायसं वाटलं, त्याच कारवाईनंतर जास्त माणसं फाडली गेली.

मी बिबट्याची वकिली करत नाही. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तिघांचा जीव गेला, त्यात दोन लहान लेकरं होती. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक रस्ता अडवला. तो राग खरा होता. गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाणाऱ्या बायकांना "सहजीवन शिका" म्हणणाऱ्याला मी माणूस म्हणणार नाही. नरभक्षक झालेलं जनावर मारावं लागतं, ते मारलंही गेलं. पण माझे चाचा आजही रात्री बॅटरी आणि काठी घेऊन उसाला दारं धरायला जातात, कारण पंपाची वीज रात्री येते. त्यांना विचारा सुरक्षा म्हणजे काय. ते सांगतील: दिवसा वीज, वस्तीवर दिवा, घराला लागून संडास, शेळ्यांना बंदिस्त गोठा आणि फोन केल्यावर लगेच येणारी वन खात्याची गाडी. यातल्या एकाही गोष्टीचा फोटो पिंजऱ्यातल्या बिबट्याइतका जोरदार निघत नाही. म्हणूनच या गोष्टींवर कोणी निवडणूक लढवत नाही.

देशाच्या नेत्याचंही असंच असतं. तो छाती किती इंचांची सांगतो, सभेत कोणाला "धडा शिकवू" म्हणतो, कोणाच्या घरावर बुलडोझर धाडतो, हे सगळं पिंजरा दाखवणं आहे. बुलडोझरही काही नवा नाही. 1976 साली, आणीबाणीत, दिल्लीच्या तुर्कमान गेटला तो चालला होता. तेव्हाही "कडक निर्णय" हाच शब्द होता, आणि घरं बहुतेक आपल्याच लोकांची होती. त्याने देश सुरक्षित झाला नाही; पुढच्याच वर्षी लोकांनी ते सरकार घरी पाठवलं. 13 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की, कोणी आरोपी आहे म्हणून सरकार त्याचं घर पाडू शकत नाही. आधी नोटीस, पंधरा दिवसांची मुदत आणि त्याचं म्हणणं ऐकून घेणं बंधनकारक आहे. एवढी साधी गोष्ट देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावी लागते, यावरून आपण कडकपणाला काय समजून बसलो आहोत ते कळतं.

आणि धोका नेहमी माणसाच्या रूपातच येतो असंही नाही. 30 जुलै 2014 ला सकाळी आपल्या आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. 151 माणसं गाडली गेली. बाहेरच्या जगाला ती बातमी पहिल्यांदा दिली ती एका एसटी ड्रायव्हरने, कारण नेहमीच्या ठिकाणी त्याला गावच दिसलं नाही. त्या आदिवासी गावाला ना सीमेपलीकडच्या शत्रूने मारलं, ना कुठल्या अतिरेक्याने. धोकादायक उतारांची पाहणी, पावसाचा इशारा आणि वेळेवर माणसं हलवणं, एवढ्याने जीव वाचले असते. नऊ वर्षांनी, जुलै 2023 मध्ये, रायगडच्या इर्शाळवाडीत तेच झालं. मधल्या नऊ वर्षांत "राष्ट्रीय सुरक्षा" या शब्दावर किती भाषणं झाली आठवा, आणि त्यात डोंगराखालच्या वाड्यांचा उल्लेख किती होता तेही आठवा.

मग कणखर कोणाला म्हणायचं? परक्यावर ओरडायला कणखरपणा लागत नाही, टाळ्या आपोआप मिळतात. कणखरपणा लागतो तो आपल्याच माणसाचा हात धरायला.

ज्यांचा जन्म आपल्या शिवनेरीवर झाला त्या शिवाजी महाराजांचं 1673 चं एक पत्र आहे, चिपळूणला छावणी टाकलेल्या आपल्याच सैन्याला लिहिलेलं. त्यात शत्रूला एकही धमकी नाही. दाणा-वैरण जपून वापरा, रयतेकडून काही ओरबाडू नका, नाहीतर लोकांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, अशी ताकीद आहे. दिव्याची वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, इथपर्यंतची काळजी त्यात आहे. सुरक्षा अशी दिसते. आज त्यांचं नाव घेऊन गल्लीत तलवारी नाचवणाऱ्यांना हे पत्र कोणी वाचून दाखवत नाही. आणि त्यांचं नाव निघालं की अंग चोरून बसणारे आपणही ते वाचत नाही.

1947 चा सप्टेंबर घ्या. पंतप्रधान नेहरू दिल्लीत कॅनॉट प्लेसला मुसलमानांची दुकानं लुटणाऱ्या जमावात स्वतः घुसले. तो जमाव परक्यांचा नव्हता. गांधीजी कलकत्त्यात बेलियाघाटाच्या एका मुसलमानाच्या पडक्या घरात राहिले, तिथे त्यांच्यावर जमाव चालून आला, तरी ते हलले नाहीत. 1 सप्टेंबरला उपोषणाला बसले आणि शहर शांत झाल्यावर, 4 सप्टेंबरला, सोडलं. पुढे 20 जानेवारी 1948 ला दिल्लीत त्यांच्या प्रार्थनासभेत बॉम्ब फुटला, तरी सभेला येणाऱ्यांची झडती घ्यायला त्यांनी नकार दिला. दहा दिवसांनी त्यांना मारलं. त्या म्हाताऱ्याला दुबळा म्हणणाऱ्यांनी जरा आपल्या आवडत्या नेत्याच्या गाड्यांचा ताफा मोजावा.

आता आपल्या घरात पाहू. टपरीवरच्या त्या पोराला जो शेर हवा आहे, तो काय करणार? स्टेजवर बाह्या सरसावून दोन वाक्यं फेकणार. ती रीलमध्ये फिरणार. समोरचा शेर त्याच वाक्यांवर मतं गोळा करणार. आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला, कॉलेजला, बाजाराला तूच जाणार आहेस, तो नाही. एक शेर दुसऱ्या शेराला पोसतो. दोघांच्या मधल्या उसात आपण उभे असतो.

पैगंबरांची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो: समोरच्याला चीत करणारा पैलवान नव्हे, रागाच्या वेळी स्वतःला आवरणारा खरा ताकदवान. जुम्म्याला ती ऐकून मान हलवायची आणि बाहेर येऊन भडकाऊ व्हिडिओ फॉरवर्ड करायचा, हे आपण कधी थांबवणार? आपल्या मोहल्ल्यातल्या गुंडाला, आपल्या पोरीची शाळा सोडवणाऱ्या बापाला, आपल्याच स्टेजवरून शिव्या देणाऱ्या नेत्याला "बस कर" म्हणणारा एक माणूस मला दाखवा. त्याला मी कणखर म्हणेन, मग त्याला नीट भाषण करता येत नसलं तरी चालेल.

पुढच्या वेळी कोणी आपल्यासमोर कडकपणा विकायला आला, मग तो त्यांचा असो की आपला, तर त्याला घोषणेने उत्तर देऊ नका. एवढंच विचारा: तुझ्या स्वतःच्या माणसांना तू शेवटचं कधी अडवलंस? आणि तुझ्या राज्यात रात्री साडेदहाला उसात एकटा उभा असलेला माणूस, त्याचं नाव काहीही असो, घरी सुखरूप पोचतो का?

त्या पोराला मी उद्या पुन्हा भेटणार आहे. चहा माझ्याकडून. हे दोन्ही प्रश्न मी आधी त्याच्यासमोर ठेवणार आहे.